पहिली जबाबदारी: वेस्ली क्रशर आणि ड्रेमाचं सर्वेक्षण

पार्श्वभूमी

'स्टार ट्रेक'च्या कथाविश्वातल्या स्टारफ्लीट या अवकाशदलाच्या 'एंटरप्राइज' या अवकाशयानावर हजाराहून जास्त माणसं राहतात आणि काम करतात. त्यांच्यात सोळा वर्षांचा एक मुलगा ॲक्टिंग एन्साइन (हंगामी कनिष्ठ अधिकारी) म्हणून सुकाणूजवळ बसतो. त्याचं नाव वेस्ली क्रशर. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात, १९८९च्या मे महिन्यात अमेरिकेत दाखवल्या गेलेल्या 'पेन पॅल्स' या भागात त्याच्या हाताखाली पहिल्यांदा माणसं दिली जातात. कथा हॅना लुईझ शिअरर यांची आणि पटकथा मेलिंडा स्नॉडग्रास यांची आहे. या भागाची आठवण निघाली की बहुतेकांना आठवतात यानावरचा यंत्रमानव अधिकारी डेटा आणि सार्जेंका ही परग्रहावरची मुलगी. इथे मात्र त्याच भागातल्या दुसऱ्या धाग्याकडे पाहायचं आहे. एका पोराला नेतृत्व कसं दिलं गेलं, तो कुठे अडला आणि त्या अडण्यातून कसा बाहेर पडला, हे त्यात फार बारकाईने दाखवलं आहे.

वेस्लीची घरची परिस्थिती इथे लक्षात घ्यावी लागते. त्याचे वडील जॅक क्रशर कॅप्टन ज्याँ-लूक पिकार्ड यांच्या हाताखाली काम करताना गेले. आई बेव्हर्ली पहिल्या पर्वात यानाची मुख्य डॉक्टर होती. दुसऱ्या पर्वात ती स्टारफ्लीटच्या वैद्यकीय विभागात निघून गेली आणि तिच्या जागी डॉ. कॅथरीन पुलास्की आल्या. वेस्लीने आईसोबत न जाता यानावरच राहायचं ठरवलं. त्याच्याकडे लक्ष देण्याचं काम पिकार्डने अधिकाऱ्यांमध्ये वाटून दिलं. म्हणजे या मुलाला एक असा पालक उरला नव्हता. त्याचं शिक्षण ही सगळ्या यानाची जबाबदारी झाली होती, आणि तिचा मोठा वाटा फर्स्ट ऑफिसर विल्यम रायकरकडे होता.

यान त्या वेळी सेल्कुंडी ड्रेमा या भागात असतं. पूर्वी एक मानवरहित यान तिथून गेलं होतं आणि तिथले ग्रह भूगर्भीयदृष्ट्या विलक्षण अस्थिर असल्याचं त्यातून कळलं होतं. माणसं घेऊन तिथे पोहोचलेलं पहिलं यान म्हणजे एंटरप्राइज. एक ग्रह तर फुटून त्याचे तुकडेच उरले होते. हे का होतंय याचा शोध घ्यायचा, तर आधी ग्रहांवरच्या खनिजांचं सर्वेक्षण करायला हवं होतं.

नेमणूक कशी झाली

या सर्वेक्षणाचं नेतृत्व वेस्लीकडे द्यावं असं रायकरने सुचवलं. पण ते परस्पर जाहीर न करता त्याने आधी इतर वरिष्ठांशी चर्चा केली. पुलास्कींना शंका होती. एवढं ओझं या वयाच्या मुलावर टाकणं योग्य आहे का, असा त्यांचा रोख होता. चर्चेअंती ठरलं की द्यावं.

काम कोणतं निवडलं, हे पाहण्यासारखं आहे. सर्वेक्षण खरं काम होतं. त्याचा निष्कर्ष यानाला हवा होता, माणसं खरी होती, वेळ आणि साधनं खर्च होणार होती. तरीही ते चुकलं असतं तर कोणाचा जीव जाणार नव्हता, निदान त्या दिवशी सगळ्यांना तसं वाटत होतं. सरावासाठी रचलेलं खोटं काम शिकणाऱ्याला लगेच ओळखू येतं आणि मग तो मन लावून करत नाही. दुसरीकडे, यानाची सुरक्षितताच त्याच्या हाती दिली असती तर पहिल्या चुकीलाच कोणीतरी पुढे होऊन काम हातातून काढून घेतलं असतं. या दोन्हींच्या मधलं काम शोधायला वेळ आणि विचार लागतो. रायकरने तो दिला.

त्याने आणखी एक गोष्ट बरोबर केली. आपल्या संघात कोण हवं ते वेस्लीनेच ठरवायचं. रायकरने यादी दिली नाही.

संघ

निवडलेल्या माणसांमध्ये डेव्हिस आणि हिल्डब्रँट ही दोघं कथेत महत्त्वाची ठरतात. डेव्हिस वयाने वेस्लीपेक्षा बराच मोठा, अनुभवी आणि सवयीने काम करणारा. हिल्डब्रँट तिच्या विषयात पक्की.

हुशार मुलाने आपल्याहून अनुभवी माणूस स्वतःहून घेतला, ही निवड मला धाडसाची वाटते. सगळी आपल्याच वयाची, आपलं ऐकतील अशी माणसं त्याने घेतली असती तर पुढचा पेच आलाच नसता, आणि पुढचा शोधही कदाचित लागला नसता. अनुभवी माणूस घेतला की त्याच्या अनुभवाबरोबर त्याचा विरोधही येतो. हे वेस्लीला निवडताना कळलं होतं की नाही, ते कथेत स्पष्ट नाही. कळलं ते दोन-तीन प्रसंगांनी, आणि चांगलंच.

पेच कुठे आला

काम चालू असताना वेस्लीने एक जादा चाचणी करायला सांगितली. मालिकेत तिला आयकोस्पेक्ट्रोग्राम म्हणतात, बोलताना नुसतं आयकोग्राम. डेव्हिसने हरकत घेतली. या चाचणीला बराच वेळ लागतो आणि तिची गरज नाही, असं त्याचं म्हणणं. तो उद्धटपणे बोलला नाही. अनेक सर्वेक्षणं केलेल्या माणसाने ज्या सहजपणे सांगावं, तसंच त्याने सांगितलं. वेस्लीने माघार घेतली. ठीक आहे, राहू द्या, अशा सुरात विषय संपला.

सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचा हा प्रसंग. कोणी ओरडलं नाही, कोणी कोणाचा अपमान केला नाही. पण प्रकरण म्हणून पाहताना हाच खरा निर्णयबिंदू आहे, कारण इथे निर्णय झालाच नाही. चाचणी करायची की नाही हे वेस्लीने ठरवायचं होतं. ते ठरलं डेव्हिसच्या आवाजातल्या खात्रीने.

डेव्हिसची बाजूही नीट मांडायला हवी, कारण हा भाग पाहणारे त्याला अडवणूक करणारा म्हणून मोकळे होतात. कष्टाचं काम त्याच्या आणि इतरांच्या माथी येणार होतं. अशा चाचण्यांतून काही निघत नाही हे अनुभवाने सांगणं हे त्याचं कामच होतं. त्याला पटेल असं कारणही वेस्लीने त्याच्यापुढे मांडलं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तो तोंडावर बोलला. होकार देऊन मागे काम रेंगाळत ठेवलं नाही.

हाताखालच्या माणसाचा स्पष्ट विरोध किती मोलाचा असतो, हे विमानवाहतुकीने फार मोठी किंमत देऊन शिकलं. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय का, अशी शंका उड्डाण घेणाऱ्या विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. अतिशय ज्येष्ठ अशा कॅप्टनने ती ठामपणे बाजूला सारली आणि इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही. ७०च्या दशकातल्या अशा अपघातांनंतर कॉकपिटमध्ये कनिष्ठाने कसं बोलावं आणि वरिष्ठाने कसं ऐकावं, याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. त्या कसोटीवर डेव्हिस उत्तम सहकारी ठरतो. पेच त्याच्या बोलण्यात नव्हता. ऐकून घेतल्यावर पुढे काय करायचं हे वेस्लीला माहीत नव्हतं, अडचण तिथे होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय वेस्लीने नकळत घेतलाच होता, म्हणजे चाचणी सोडून देणं. तज्ज्ञाचं ऐकलं असं त्याचं समर्थनही करता आलं असतं, आणि दहातल्या नऊ वेळा ते योग्यच ठरलं असतं. पण तज्ज्ञाचं ऐकणं आणि तज्ज्ञापुढे गप्प बसणं यांत फरक आहे. ऐकणारा स्वतःचं मत त्याच्या मतासमोर ठेवून तोलतो. वेस्लीने तोललं नाही.

दुसरा पर्याय अधिकार गाजवण्याचा. मी प्रमुख आहे, म्हणून करा. याचं खरं उदाहरण अमेरिकी आरमाराच्या इतिहासात आहे आणि ते ताणून न धरताही इथे शोभतं. १८१३मध्ये 'एसेक्स' या युद्धनौकेवर डेव्हिड फॅरागट नावाचा बारा वर्षांचा मिडशिपमन (शिकाऊ अधिकारी) होता. प्रशांत महासागरात ताब्यात आलेलं 'बार्कली' हे देवमाशांच्या शिकारीचं जहाज वाल्पराइसोला नेण्याची जबाबदारी त्याच्याकडे आली. जहाजाचा मूळ कप्तान वयस्क आणि तापट. पोराने शिडाचा हुकूम सोडताच तो भडकला, गोळी घालण्याची भाषा केली आणि पिस्तुलं आणायला खाली गेला. फॅरागटने जहाजावरच्या सहायकाला जवळ बोलावून परिस्थिती सांगितली, त्याचा पाठिंबा मिळवला, हुकूम पुन्हा दिला आणि कप्तानाला निरोप धाडला की पिस्तूल घेऊन वर आलात तर समुद्रात फेकले जाल. जहाज सुखरूप पोहोचलं. हाच मुलगा पुढे, १८६६मध्ये, अमेरिकी आरमाराचा पहिला पूर्ण ॲडमिरल झाला.

पण फॅरागटसमोर धमकी होती, भर समुद्र होता, आणि विचारायला जवळपास कोणी वरिष्ठ नव्हता. वेस्लीकडे वेळ होता आणि समोर शस्त्र नव्हे, मतभेद होता. तिथे फॅरागटचा मार्ग घेतला असता तर आयकोग्राम झाला असता आणि डेव्हिस पुढच्या वेळी बोलला नसता.

तिसरा पर्याय वरून हुकूम आणण्याचा. रायकर किंवा मुख्य अभियंता जॉर्डी ला फोर्ज यांनी एक शब्द टाकला असता तर चाचणी लगेच झाली असती. सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत घातक वाट हीच. एकदा वरून हुकूम आला की वेस्लीचा प्रत्येक पुढचा शब्द वरून आलाय की त्याचा स्वतःचा, हे संघ तपासत बसला असता.

चौथा पर्याय हुशार मुलांना नेहमी मोहात पाडणारा. कोणाला न सांगता स्वतःच रात्री बसून चाचणी करायची आणि सकाळी निकाल समोर ठेवायचा. वेस्लीकडे तेवढी बुद्धी होती. पण त्याला शिकायचं होतं दुसऱ्यांकडून काम करून घेणं. हे केलं असतं तर निकाल हाती आला असता आणि शिकणं राहून गेलं असतं.

पाचवा, मधला मार्ग कथेत कोणी बोलूनच दाखवत नाही. सगळ्या ग्रहांऐवजी एका ग्रहाच्या एका पट्ट्याची चाचणी करू, काही निघालं नाही तर विषय बंद. यावर पुढे येतो.

काय केलं

वेस्ली रायकरकडे गेला. त्याने तक्रार केली नाही आणि हुकूमही मागितला नाही. त्याला पडलेला प्रश्न त्याने विचारला: माझं चुकलं तर? रायकरचं उत्तर सरळ होतं. चुकलं तर चुकलं. आपण कधीच चुकणार नाही असं मानणं हा अहंकार आहे. वेस्ली तिथे थांबला नाही. आज खनिजांचं सर्वेक्षण आहे, पण उद्या माझ्या चुकीने कोणाचा जीव गेला तर? यावर रायकरने त्यालाच विचारलं की तुझ्या जागी पिकार्ड असते तर काय केलं असतं. मुलाने उत्तर दिलं, सगळ्यांचं ऐकलं असतं आणि मग स्वतःचा निर्णय घेतला असता. पण ते कॅप्टन पिकार्ड आहेत, असंही तो म्हणाला. पुढची थोडी चर्चा आत्मविश्वास आणि अधिकार यांच्याबद्दल आहे.

रायकरने या संभाषणात जे केलं नाही, त्याचं मोल मला जास्त वाटतं. चाचणी करायला हवी की नको, यावर तो बोलला नाही. डेव्हिस बरोबर की चूक, यावरही नाही. आयकोग्राम हा शब्द त्याने उचललाच नाही. चाचणीबद्दल त्याचं मत असणारच. तो अनुभवी अधिकारी आहे. ते मत त्याने स्वतःपाशी ठेवलं आणि मुलाला निर्णयासकट परत पाठवलं. शिकवणाऱ्याला हे फार जड जातं. उत्तर माहीत असताना गप्प राहायचं, आणि त्याच वेळी समोरच्याला एकटं सोडलंय असं वाटू द्यायचं नाही.

वेस्ली परतला आणि त्याने डेव्हिसला चाचणी करायला सांगितलं. आवाज चढला नाही. माफी मागण्याचा सूर नव्हता, दटावणीचाही नव्हता. आणि डेव्हिसने ते मान्य केलं, अगदी सहज. प्रमुख तू आहेस, तुला हवं तर करू, एवढाच त्याचा भाव. आधीच्या विरोधाचं किल्मिष कुठेही दिसत नाही. हा विरोध वेस्लीने मनात केवढा मोठा करून ठेवला होता, आणि डेव्हिससाठी तो एक साधं व्यावसायिक मत होतं. मत मांडलं, निर्णय आला, कामाला लागला.

त्याच वेळी यानावर दुसरीकडे

ड्रेमा ग्रहावरून एका मुलीचा क्षीण रेडिओ संदेश येत होता: कोणी आहे का तिथे? परवानगी न घेता डेटाने तिला उत्तर दिलं आणि कित्येक आठवडे दोघं बोलत राहिले. तिचा ग्रह फुटायच्या बेतात होता. अजून अवकाशात न पोहोचलेल्या समाजांच्या वाटचालीत ढवळाढवळ करायची नाही, हा स्टारफ्लीटचा सर्वांत कडक नियम, म्हणजे प्राइम डायरेक्टिव्ह. पिकार्ड आणि वरिष्ठ अधिकारी या नियमावर वाद घालत बसले. शेवटी सार्जेंकाचा आवाज प्रत्यक्ष ऐकल्यावर पिकार्डना पाठ फिरवता आली नाही.

त्या वादाच्या बैठकीत वेस्ली नव्हता. जिवंत समाज असलेल्या ग्रहाचं भवितव्य वर ठरत होतं आणि त्या ग्रहाला नेमकं काय होतंय याचा शोध खाली ज्याच्या हाती होता, तो त्या चर्चेच्या बाहेर होता.

निष्पत्ती

आयकोग्राममधून कारण सापडलं. या ग्रहांच्या पोटात डायलिथियम या काल्पनिक स्फटिकाचे प्रचंड साठे होते, आणि ते स्फटिक अत्यंत नियमित जाळीत वाढले होते. ही जाळी ग्रहाच्या अंतर्भागातली उष्णता घेऊन तिचं यांत्रिक ऊर्जेत रूपांतर करत होती आणि त्या ताणाने कवच फाटत होतं. मालिका याला पीझोइलेक्ट्रिक परिणामाशी जोडते. खऱ्या विज्ञानात हा परिणाम १८८०मध्ये क्युरी बंधूंनी दाखवला: क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की विद्युतभार तयार होतो. उलट वीज दिली की स्फटिक किंचित आकार बदलतो, हे त्यांनी १८८१मध्ये दाखवलं. आपल्या मनगटी घड्याळातला क्वार्ट्झ याच गुणावर चालतो. उष्णतेतून ग्रह फोडण्याइतकी शक्ती ही कथेची उडी आहे, पण जाळीची रचना मोडली की परिणाम थांबेल हा तर्क कथेच्या चौकटीत पक्का बसतो.

कारण कळल्यावर उपाय वेस्लीच्या संघानेच मांडला. शोधयानांमध्ये बदल करून ती ग्रहाच्या कवचात शिरवायची आणि अनुनादाच्या कंपनांनी डायलिथियमची जाळी भंगवायची. उपाय समजावून सांगताना हिल्डब्रँट पुढे होती. वेस्लीने तिला बोलू दिलं. नवखा प्रमुख अशा वेळी सगळं श्रेय आपल्या तोंडून जावं अशी धडपड करतो. इथे तसं दिसत नाही. कंपनांनी काम केलं, ग्रह स्थिरावला. सार्जेंकाच्या स्मृतीतून यानावरचे प्रसंग पुलास्कींनी पुसले आणि तिला घरी परत सोडलं.

नेमणूक करताना सगळ्यांनी धरलेलं गृहीतक मात्र इथे कोसळलं. चुकलं तरी कोणाचा जीव जाणार नाही, म्हणून हे काम मुलाला दिलं होतं. चाचणी झाली नसती तर एक जिवंत ग्रह गेला असता. रायकरसमोर उद्याची भीती म्हणून जे मुलाने विचारलं, ते त्याच दिवसाचं वास्तव होतं आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. शिकणाऱ्यासाठी सुरक्षित काम निवडणारे लोक अंदाजच बांधत असतात. म्हणून काम दिल्यावर मध्ये-मध्ये पाहायला हवं की ते अजून तेवढंच लहान आहे का. ग्रहावर लोकवस्ती आहे हे कळलं, तेव्हा कोणी तरी वेस्लीच्या खोलीत जाऊन सांगायला हवं होतं की तुझ्या कामाचं वजन बदललंय.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते वेस्लीने दुसऱ्यांदा जाताना कारण सोबत न्यायला हवं होतं. पहिल्यांदा त्याच्याकडे खात्री नव्हती, दुसऱ्यांदा खात्री आली, पण कारण कोणत्याच वेळी मांडलं गेलं नाही. रायकरच्या सल्ल्यात हीच एक उणीव आहे. पिकार्डचा शब्द लोक मानतात तो त्यांच्या आत्मविश्वासाने, हे खरं. पण त्यामागे वर्षानुवर्षांचे निर्णय आहेत, चुकलेलेही. सोळा वर्षांच्या मुलाकडे तो साठा नसतो. त्याने आत्मविश्वासाची भर कारणाने घालायला हवी. सगळे ग्रह एकाच पद्धतीने फुटतायत, नेहमीच्या चाचण्यांतून कारण सापडत नाही, मग जे आपण सहसा पाहत नाही तिथेच ते असणार; एवढं बोलला असता तरी डेव्हिस स्वतःहून तयार झाला असता अशी शक्यता आहे. आणि एका पट्ट्यापुरती चाचणी करण्याचा तो पाचवा पर्याय अशाच बोलण्यातून डेव्हिसकडूनच सुचला असता. कमी वेळात काय करता येईल, हे अनुभवी माणसाला जास्त कळतं.

नुसत्या कारणांनी भागतं, असंही नाही. याच मालिकेच्या पहिल्या अवतारात, जानेवारी १९६७च्या 'द गॅलिलिओ सेव्हन' या भागात, तर्काला सर्वस्व मानणाऱ्या स्पॉक या अधिकाऱ्याच्या पहिल्या स्वतंत्र नेतृत्वाची गोष्ट आहे. सात जणांसह छोटं यान एका ग्रहावर अडकतं. स्पॉककडे प्रत्येक निर्णयाचं चोख कारण असतं आणि तरीही सहकारी त्याच्यापासून तुटत जातात, कारण त्यांची भीती तो हिशेबात धरत नाही. दोघांचा बळी जातो. वेस्लीकडे कारण कमी होतं आणि ऐकण्याची तयारी भरपूर. स्पॉकचं नेमकं उलट.

रायकरने डेव्हिसशी आधी बोलायला हवं होतं का, हा प्रश्न मला बराच वेळ अडवून धरतो. मुलगा नवीन आहे, सांभाळून घे, असं सांगितलं असतं तर डेव्हिसने हरकतच घेतली नसती आणि सगळा धडा फुकट गेला असता. दुसरीकडे, काही न सांगता अनुभवी माणसाला पोराच्या हाताखाली देणं त्याच्यावर अन्याय आहे. मला वाटतं एकच वाक्य पुरेसं होतं: त्याच्याशी तू माझ्याशी वागतोस तसाच वाग. म्हणजे विरोध असेल तर विरोध कर, निर्णय झाला की पाळ.

वर जायला कोणी असणं ही किती मोठी सोय आहे, हे १९९८च्या 'व्हॅलियंट' या 'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन' मालिकेतल्या भागाशेजारी ठेवलं की समजतं. तिथे अधिकारी मारले गेल्यावर टिम वॉटर्स हा कॅडेट युद्धनौकेचा कप्तान होतो. त्याच्याभोवती सगळे त्याच्याच वयाचे, त्याच्यावर भक्ती करणारे. तिथे डेव्हिस नाही आणि रायकरही नाही. नौका आणि जवळपास सगळे कॅडेट संपतात. धाडस वॉटर्सकडे वेस्लीपेक्षा कितीतरी जास्त होतं.

तीन वर्षांनंतर

या प्रकरणाला एक उत्तरार्ध आहे आणि तो वगळला तर रायकरची शिकवण पूर्ण यशस्वी झाली असं वाटेल. मार्च १९९२च्या 'द फर्स्ट ड्यूटी' या भागात वेस्ली स्टारफ्लीट अकादमीत आहे, नोव्हा स्क्वॉड्रन या पाच जणांच्या पथकात. प्रमुख निक लोकार्नो, सगळ्यांचा लाडका. पदवीदानापूर्वी बंदी असलेली एक हवाई कसरत करून दाखवायची असं लोकार्नो ठरवतो. सरावात अपघात होऊन जोशुआ अल्बर्ट हा कॅडेट मरतो. उरलेले चौघं चौकशीत खोटं सांगतात आणि दोष मेलेल्या मित्रावर ढकलतात. पिकार्डने समोर बसवून खडसावल्यावर वेस्ली खरं बोलतो. लोकार्नोला काढून टाकतात, बाकीच्यांचं वर्ष जातं.

ड्रेमाच्या वेळी वेस्ली निर्णय घ्यायला शिकला. सगळ्यांचं ऐक आणि मग ठरव, ही प्रमुखाची बाजू त्याला नीट समजली. लोकार्नोसमोर मात्र तो प्रमुख नव्हता. तिथे त्याला डेव्हिस व्हायचं होतं: हे करू नये, गरज नाही, असं तोंडावर सांगणारा. ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं. एंटरप्राइजवर डेव्हिसकडे अडथळा म्हणूनच पाहिलं गेलं आणि तो पार केल्याबद्दल मुलाचं कौतुक झालं.

मी रायकरच्या जागी असतो तर ड्रेमाचा अहवाल सादर झाल्यावर दोघांना एकत्र बोलावून डेव्हिसला विचारलं असतं की पहिल्यांदा तू का अडवलंस आणि दुसऱ्यांदा का ऐकलंस, आणि वेस्लीला ते ऐकत बसायला सांगितलं असतं. त्यानंतरच्या सर्वेक्षणाला डेव्हिसला प्रमुख नेमलं असतं आणि वेस्लीला त्याच्या हाताखाली दिलं असतं. जाताना वेस्लीला एकच काम सांगितलं असतं: डेव्हिसचा जो निर्णय पटणार नाही, तो संपूर्ण संघासमोर एकदा तरी बोलून दाखवायचा.